मजुरी घेणारा स्टीव्ह अल्बिनी

नमस्कार, श्रोतेहो. 1993 साली ‘निर्वाणा’ हा अमेरिकन रॉक बँड कीर्तीच्या शिखरावर होता. ‘इन युटेरो’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी शिकागोच्या ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीला विचारलं, तर त्यानं आधी एक लांबलचक पत्र धाडलं. मला रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, नको, प्लंबरला देतात तशी कामाची मजुरी द्या! लाखो प्रती खपणार हे समोर दिसत असताना. गाणी तुमची, मग कमाईत माझा कायमचा वाटा कशाला, असा त्याचा हिशेब. ‘प्रोड्युसर’ म्हणवून घ्यायचा त्याला मनस्वी कंटाळा. मी साधा ध्वनिमुद्रण करणारा इंजिनिअर, म्हणायचा.

तो स्वतः गिटार वाजवायचा. 1980 च्या दशकातल्या त्याच्या ‘बिग ब्लॅक’ बँडमध्ये ड्रमर नव्हता, ड्रमचा ताल वाजवणारं रोलंड कंपनीचं यंत्र, ड्रम मशीन, होतं; अल्बमवर वादकांच्या यादीत ‘रोलंड’ असं चक्क नाव! पुढे ‘शेलॅक’ बँड शेवटपर्यंत चालला.

मशीनवर ताल धरणारा हा माणूस ध्वनिमुद्रणात मात्र टेपच वापरायचा. दोन इंच रुंद टेप, तिच्यावर चोवीस ट्रॅक, म्हणजे आवाजांच्या चोवीस वेगळ्या पट्ट्या. सेकंदाला पंधरा इंच वेगानं धावली, तर अडीच हजार फुटांचं रीळ अर्ध्या तासात संपतं. म्हणजे वादकांनी तयारीनिशीच यायचं. जोड द्यायचा तर टेप ब्लेडनं कापायची आणि चिकटवायची. याला कोणी जुन्याचा सोस म्हणेल. त्याचा मुद्दा वेगळाच होता: कॉम्प्युटरवरचे फॉरमॅट बदलत राहतात, नीट जपलेली टेप पन्नास वर्षांनीही वाजते. 2013 मध्ये ‘इन युटेरो’चं नवं मिश्रण, म्हणजे त्या पट्ट्यांची नवी जुळणी, त्यानंच केलं, वीस वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणावरून.

1997 मध्ये त्यानं शिकागोत ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ स्टुडिओ उभारला. भिंतींना कच्च्या मातीच्या विटा, कारण खोलीचा नाद त्याला वाद्याइतकाच महत्त्वाचा. काम करताना अंगात गॅरेजमधल्या मेकॅनिकसारखा बॉयलर सूट. 7 मे 2024 रोजी, 61 व्या वर्षी, हृदयविकारानं तो गेला. दहाच दिवसांनी ‘शेलॅक’चा नवा अल्बम बाजारात आला.

त्याचं काम ऐकायचं असेल, तर ब्रिटिश गायिका पीजे हार्वीचा ‘रिड ऑफ मी’ हा अल्बम लावा. पहिलं गाणं इतकं हळू सुरू होतं, की आवाज वाढवायला हात जाईल. वाढवू नका. पुढे ते एकदम कडाडतं, शेजारी धावत येतील!