रंगपूर: तळ्यावरून येणारा वारा

बांगलादेशच्या उत्तरेला रंगपूर शहर आहे. इथली सतरंजी पूर्वापार प्रसिद्ध. 2021 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. या सतरंज्या विणणाऱ्या कारुपण्य कंपनीच्या कारखान्याची दक्षिण बाजू जरा नीट बघा. भिंत शोधावी लागते. खालपासून वरपर्यंत नुसत्या वेली आणि झाडं.

आत काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत, आसपासच्या खेड्यांतून आलेल्या. या मुलखाला ‘मोंगा’ चांगलाच ठाऊक आहे. आश्विन-कार्तिकात, भात कापणीला येण्याआधी, शेतात काम नसायचं आणि घरात दाणा नसायचा. अशा घरांतून आलेल्या बाईला रोजगार मिळाला, आणखी काय हवं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. वास्तुरचनाकार बायेजिद महबूब खोंदकर यांनी मात्र ही बाई राहते कशी, तिथून सुरुवात केली.

बंगालमध्ये खना या दंतकथेतल्या विदुषीच्या नावाने एक म्हण चालत आली आहे. घर बांधावं तर पूर्वेला बदकं, म्हणजे तळं. पश्चिमेला बांबूचं बन. उत्तर बंद आणि दक्षिण मोकळी. उन्हाळ्यातला वारा दक्षिणेचा. तो अडवायचा नाही, आणि घरात येण्याआधी झाडापाण्यावरून आला तर उत्तमच.

कारखान्यात हेच केलंय, फक्त कित्येक पटींनी मोठं. तळमजल्यावर पाण्याचे हौद आहेत. सूत रंगवताना वापरलेलं पाणी प्रक्रिया करून त्यांत सोडतात. वारा वेलींतून गाळून येतो, पाण्यावरून वाहताना थंड होतो आणि इमारतीच्या पोटात ठेवलेल्या मोठ्या गोल पोकळ्यांतून मजल्यामजल्यावर चढतो. आतली तापलेली हवा वर निघून जाते, तिच्या जागी खालून नवी येते. एसी नाही. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी कमी राहतं, असं वास्तुरचनाकार सांगतात.

पावसाळ्यात हवाच ओलसर असते, तेव्हा पाण्याची वाफ फारशी होत नाही आणि हा गारवा कमी होणारच. पण वारा खेळता असला की अंगावरचा घाम वाळतो. मागावर बसलेल्या बाईसाठी ही लहान गोष्ट नाही. तिचे दोन्ही हात उभ्या-आडव्या धाग्यांत गुंतलेले असतात. कपाळ पुसायचं तरी काम थांबवावं लागतं.

याच देशात 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळली. 1,134 माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिलाई कामगारांना कामावर बोलावलं गेलं. आज बांगलादेशात ‘लीड’ हे हरित प्रमाणपत्र मिळवलेले कापड-कपड्यांचे दोनशेहून अधिक कारखाने आहेत. ही मोठी मजल आहे. पण वीज आणि पाणी किती वाचलं, हे आधी विचारलं जातं; दुपारी तीन वाजता मागापाशी किती उकडतं, हे नंतर. रंगपुरात दुसरा प्रश्न आधी विचारला, आणि विजेची बचत त्याच्या उत्तरातूनच झाली.

यात परदेशातून आणावं लागेल असं काहीच नाही. लागते ती जागा. माल ठेवायला, यंत्रं मांडायला सगळ्यात सोयीचा असतो तळमजला. त्यातला मोठा भाग पाण्याला आणि वाऱ्याला देऊन टाकायची मालकाची तयारी हवी.