खोकं उलटं करून बघा

(दृश्य: पहाट. टेम्पोचा फाळका पडतो. ट्रेच्या चळती.)

पावणेसहा वाजलेत. ठाणे पूर्व, कोपरी. एका ट्रेमध्ये 30 अंडी, एकावर एक सात ट्रे, वर सुतळीची गाठ. ही झाली 210 अंड्यांची पेटी. दोघं जण ती फुलासारखी उतरवतात.

दुकानदाराचा पहिला प्रश्न भावाचा असतो. 1982 साली स्थापन झालेली अंडी उत्पादकांची संस्था, नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी, रोज शहरागणिक शेकड्याचा भाव जाहीर करते. त्यामुळे आजचा भाव काय, हे कोपरीच्या फुटपाथवरही पहाटेच ठाऊक असतं.

ही अंडी कोंबडीनं घातली कधी, ते मात्र इथं कुणी विचारलं नाही.

(दृश्य: घोडबंदर रोड. सुपरमार्केटचं शेल्फ. खोक्यांवरून सरकणारा कॅमेरा.)

इथं अंडी खोक्यात बसतात. हिरवं कुरण, उगवता सूर्य, गवतात चरणारी तुरेदार कोंबडी. 'फार्म फ्रेश', 'नॅचरल', 'हार्मोन फ्री'. यातला शेवटचा शब्द जरा तपासू. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांना हार्मोन देण्याची पद्धतच नाही. जे कुणीच देत नाही ते आम्हीही देत नाही, एवढंच हे खोकं सांगतं, आणि त्याचे पैसे आपण देतो.

तपकिरी अंडी दिसली की आपल्याकडे लगेच 'गावठी' म्हणतात. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरी अंडी घालते, काही संकरित जाती तपकिरी घालतात, आणि त्यांनाही पिंजऱ्यात ठेवलं जातं. रंग पाहून ती मोकळी फिरली की पिंजऱ्यात राहिली, हे कळत नाही. बलक गडद केशरी हवा असेल तर खाद्यात मका वाढवतात, झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात. बलकाचा रंग म्हणजे कोंबडीच्या ताटाचा हिशेब, पौष्टिकतेचा नव्हे. 'ओमेगा-3' या शब्दामागे मात्र खरंच काही असू शकतं: ओमेगा-3 ही एक प्रकारची चरबी, खाद्यात जवस घातलं की ती अंड्यात उतरते. किती उतरली, ते मागच्या तक्त्यात आकड्यानं दिलेलं असलं पाहिजे.

(दृश्य: हात खोकं उलटं करतो. क्लोजअप.)

म्हणून खोकं उलटं करायचं. चौकोनातला तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी पदार्थाची खूण. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक. पॅक करणाऱ्याचा पत्ता, नग, किंमत. ॲगमार्कची, म्हणजे शेतमालाच्या सरकारी दर्जाच्या खुणेची, श्रेणी असेल तर तिच्यात वजनही आलं: 53 ते 59 ग्रॅम म्हणजे मोठं अंडं, 45 ते 52 म्हणजे मध्यम, 38 ते 44 म्हणजे लहान. सहा अंड्यांच्या दोन खोक्यांची तुलना करताना हे आकडे कामाला येतात.

आणि ही तारीख. फ्रीजच्या ओलाव्यानं शाई पसरली आहे, तरी वाचता येते. ही पॅकिंगची तारीख आहे. आम्ही शेल्फवरची जेवढी खोकी उलटी केली त्यांच्यावर पॅकिंगची तारीख सापडली, अंडं घातल्याची नाही. या दोन तारखांमध्ये किती दिवस गेले, ते खोकं सांगत नाही. युरोपीय संघात 2004 पासून अंड्यावरच शिक्का असतो आणि त्याचा पहिला आकडा कोंबडी कशी वाढवली ते सांगतो: 0 सेंद्रिय, 1 मोकळ्या आवारातली, 2 शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, 3 पिंजऱ्यातली. आपल्या हातात मात्र गवताचं चित्र येतं.

(दृश्य: नौपाड्यातलं स्वयंपाकघर. दिवा मालवतात. मोबाइलचा टॉर्च.)

खोकं जे सांगत नाही ते अंडं सांगतं.

कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात. त्यातले सुमारे 20 तास नुसतं टरफल चढायला. बाहेर येतं तेव्हा ते कोंबडीच्या अंगाइतकं, साधारण 41 अंशांवर तापलेलं असतं. मग गार होतं, आतला ऐवज आकसतो, आणि बोथट टोकाशी दोन पापुद्रे सुटून मध्ये हवेची पोकळी तयार होते. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून रोज थोडं पाणी उडतं, थोडी हवा आत येते. अंडं म्हातारं होतं तसतशी पोकळी वाढत जाते.

टॉर्च बोथट टोकाला लावला. बघा, आख्खं अंडं कंदिलासारखं पेटलं. वरची ही फिकट टोपी म्हणजे ती पोकळी. ॲगमार्कच्या 'ए' श्रेणीत तिची खोली 4 मिलिमीटरपर्यंत चालते, 'बी'मध्ये 8 पर्यंत. या दुसऱ्या अंड्यात टोपी खूप खाली उतरली आहे. दोन्ही अंडी एकाच खोक्यातली.

(दृश्य: काचेचं भांडं, पाणी.)

तीच दोन अंडी पाण्यात. पोकळी जितकी मोठी, तितकं अंडं पाण्यात वर उचललं जातं. एक तळाशी आडवं पडलं, दुसरं टोकावर उभं राहिलं. तरंगलं असतं तर टाकून दिलं असतं.

(दृश्य: दोन बशा.)

पहिल्याचा बलक घुमटासारखा उभा, भोवती दाट पांढरं. दुसऱ्याचं पांढरं बशीभर पसरलं.

तडा गेलेलं अंडं घेऊ नका. त्यातून साल्मोनेलासारखे जंतू आत शिरू शकतात आणि जुलाब-उलट्या होतात, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्त त्रास. घरी आणल्यावर धुऊन ठेवू नका, टरफलावरचा नैसर्गिक लेप निघून जातो. फ्रीजमध्ये ठेवा, बोथट टोक वर.

(दृश्य: पुन्हा कोपरी. संध्याकाळ, दुकानातला पिवळा बल्ब.)

"दादा, आजची आहेत ना?"

"काकू, सकाळीच उतरवलीत. हे बघा."

ट्रेच्या पुठ्ठ्यावर बॉलपेननं आजची तारीख लिहिलेली. ही सवय त्याची स्वतःची. त्यापलीकडचे दिवस त्यालाही ठाऊक नाहीत, आणि तो तसं सांगतो.

काकू एकेक अंडं उचलतात, कानाशी धरून हलवतात. आत पाणी हिंदकळल्यासारखं वाजलं तर परत. सहा घेतली. सातव्याला बारीक तडा दिसला, ते त्यांनी बल्बपुढे धरलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं मुकाट्यानं बदलून दिलं.