जपानमध्ये हातातले गेम एवढे का खपतात? (आणि कृपा करून 'ट्रेन' म्हणू नका)

नमस्कार मंडळी! अवताराकडे बघू नका, ऑफिसमधून आले ती थेट कॅमेऱ्यासमोर बसले. कारण आता राहवत नाही. निन्टेंडोच्या स्विच २ या नव्या गेम मशीनच्या विक्रीसाठी झालेल्या सोडतीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय. 'ताई, जपानी लोकांना हातातल्या गेमचं एवढं काय वेड आहे?' आणि त्याच कमेंटखाली, मला तोंड उघडायला न देता, उत्तर तयार: 'ट्रेन.' कोणी 'ट्रेन ट्रेन', कोणी 'लोकल सारखंच', कोणी नुसतं इंजिनाचं चित्र.

बरं. आधी जे सगळ्यांना माहीतच आहे ते पटकन उरकते. हातात धरून खेळायची ही मशीनं कधी कधी आली, तर १९८० मध्ये निन्टेंडोचं गेम अँड वॉच. १९८९ मध्ये गेमबॉय, साडेबारा हजार येनला. २००४ च्या डिसेंबरमध्ये दहा दिवसांच्या फरकाने निन्टेंडो डीएस आणि सोनीची पीएसपी. २०११ मध्ये थ्रीडीएस. २०१७ मध्ये हातातही आणि टीव्हीला लावूनही खेळता येणारा स्विच, २०२५ च्या जूनमध्ये स्विच २. झाला इतिहास. ज्यांना सविस्तर हवा त्यांच्यासाठी इंटरनेट पडलंय.

आता ट्रेन. मी राहते तोक्योतल्या निशी-कासाईला, माझी मेट्रो लाईन तोझाई. या लाईनीवर किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा कोरोनाच्या आधी गर्दीच्या सरकारी आकड्यांत १९९ टक्क्यांवर होता. म्हणजे क्षमतेच्या जवळपास दुप्पट माणसं. तिथे स्वतःचं नाक खाजवायला हात वर येत नाही, आणि तुम्ही म्हणताय लोक दोन हातांत मशीन धरून राक्षस मारतायत! विरार फास्टवाले, तुम्हीच सांगा यांना. नुसत्या प्रवासाच्या तासांवर गेम खपत असते, तर विरारमध्ये घरटी दोन गेमबॉय असते. होते का? आपल्याकडे नव्वदच्या दशकात काय होतं, तर जत्रेत आणि मनीष मार्केटला मिळणारा तो ठोकळे रचायचा ब्रिक गेम, वर लिहिलेलं '९९९९ इन १', आणि आत खरे गेम मोजून बोटांवर. तोही आम्ही घरीच, पडवीत बसून खेळायचो.

ट्रेनची ही थिअरी आली कुठून तेही सांगते. गुनपेई योकोई नावाचे निन्टेंडोचे इंजिनिअर होते. शिंकान्सेनमधून, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनमधून जाताना त्यांना एक कंटाळलेला माणूस कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला दिसला, आणि त्यातून गेम अँड वॉच सुचलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, म्हणून प्रत्येक व्हिडिओत असते. पण सगळ्यांना त्यातली ट्रेन दिसते. मला तो कॅल्क्युलेटर दिसतो. तो कॅल्क्युलेटर त्या माणसाचा स्वतःचा होता. कोणाला विचारायला लागलं नाही.

इथे जरा थांबा, कारण मला जे सांगायचंय ते हेच आहे, आणि कमेंटमध्ये हीच पायरी सगळे गाळतात. टीव्हीला लावायचा कन्सोल, म्हणजे गेमचं मशीन, घराला एक लागतो. हातातला माणशी एक लागतो. कुकर घराला एक, डबा ज्याचा त्याचा. तुम्ही कुकर किती खपले आणि डबे किती खपले याची तुलना करून 'या लोकांना डब्याचं वेड आहे' असं म्हणाल का?

आकडे बघा. [स्क्रीनवर तक्ता] हातातला डीएस आणि टीव्हीवाला वी, दोन्ही निन्टेंडोचे, दोन्ही साधारण एकाच काळातले, दोन्ही जगभर तुफान चाललेले. जपानमध्ये वी खपले १ कोटी २७ लाखांच्या आसपास. डीएस? ३ कोटी ३० लाखांच्या आसपास. तेव्हा जपानची लोकसंख्या १२ कोटी ८० लाख होती, म्हणजे दर चार माणसांमागे एक डीएस. आता कोणीतरी हुशार लिहिणार, 'ताई, एकाच माणसाने डीएस लाइट, डीएसआय असे दोन-दोन घेतले असतील.' अहो, घेतलेच! मी तेच तर म्हणतेय. स्वतःची वस्तू माणूस हौसेने बदलतो, रंग आवडला म्हणून बदलतो. घरच्या टीव्हीखालची वस्तू बंद पडल्याशिवाय कोण बदलतं?

त्याच्या पुढची जोडी तर अजून बोलकी आहे. थ्रीडीएस जपानमध्ये अडीच कोटींच्या वर गेला. त्याच काळातला टीव्हीवाला वी यू ३३ लाखांच्या आसपास अडकला. कंपनी तीच, मारिओ तोच, दुकानंही तीच.

मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलं होतं, 'मग प्लेस्टेशन २ कसा खपला?' म्हणजे सोनीचा टीव्हीवाला कन्सोल. प्रश्न चांगला आहे, पिन केलाय. तो २००० साली आला तेव्हा डीव्हीडी प्लेअर म्हणूनही घरात आला. गेमसाठी नाही तर सिनेमासाठी तरी वडील पैसे काढायचे. म्हणजे तो कुकरच होता, फक्त प्रत्येक घराला हवासा वाटलेला.

आता तीच गोष्ट मुलांच्या बाजूने. पोकेमॉन. २७ फेब्रुवारी १९९६, लाल आणि हिरवा असे दोन भाग एकाच दिवशी आले. गेमबॉय तेव्हा सात वर्षांचा म्हातारा झाला होता. गेम जवळजवळ एकच, पण काही पोकेमॉन लालमध्येच मिळणार, काही हिरव्यातच. सगळे हवेत? मग मित्राकडे दुसरा भाग पाहिजे. आणि मित्राकडे, नीट ऐका, मित्राकडे स्वतःचा गेमबॉय पाहिजे! दोघांचे गेमबॉय केबलने जोडायचे आणि अदलाबदल करायची. काही पोकेमॉन तर अदलाबदल केल्याशिवाय पुढच्या रूपात जातच नाहीत. फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेंडोच्या टीव्हीला लावायच्या जुन्या मशीनच्या काळात एका पोराकडे मशीन असलं की पाच पोरं त्याच्या घरी जमायची, विक्री एक. पोकेमॉनमध्ये पाच पोरं जमली की विक्री पाच. यात ट्रेन कुठे आली? शाळेतून सुटलेली पोरं आहेत, पार्कात बसलीत.

आजही तेच आहे. आमच्या बिल्डिंगखालच्या पार्कात चार वाजल्यानंतर या, घसरगुंडीच्या पायऱ्यांवर पोरं ओळीने बसलेली असतात, प्रत्येकाच्या हातात आपापला स्विच. पहिल्यांदा बघून माझी आई म्हणाली, 'अगं, खेळायला आलीत ना, मग खेळत का नाहीत?' खेळतच होती ती. अधूनमधून एकजण ओरडतो, बाकीचे त्याला शिव्या देतात, मग परत शांतता. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि मोठ्यांची बाजू. माझ्या ऑफिसमधला एक सहकारी कॉलेजात असताना पीएसपीवर मॉन्स्टर हंटर हा राक्षसांच्या शिकारीचा गेम खेळायचा. २००८ साली त्याचा 'पोर्टेबल सेकंड जी' आला, एकट्या जपानमध्ये ४० लाखांच्या वर गेला. हा म्हणतो, रात्री चौघं फॅमिली रेस्टॉरंटमध्ये बसायचो, एक ड्रिंक बार घ्यायचा, म्हणजे हवी तितकी कॉफी, आणि चार पीएसपी टेबलावर काढायच्या. वायरलेसने चौघं एका शिकारीत. पाचवा आला तर? त्याने बघत बसायचं. महिन्याभरात तोही पीएसपी घेऊनच आला. मी विचारलं, घरी का नाही खेळलात? तो माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी त्याला घरी बोलावून जेवायला घाल म्हणाले! इथे सहजासहजी कोणी कोणाच्या घरी जात नाही. खोली एवढीशी, भिंती पातळ, शेजाऱ्याची शिंक ऐकू येते. मित्र भेटतात ते बाहेर. म्हणून ज्याचं मशीन त्याने खिशात आणायचं. याच मॉन्स्टर हंटरचा पुढचा भाग २००९ मध्ये टीव्हीवाल्या वीवर आला, तो दहा लाखांच्या आसपास थांबला. पुढच्याच वर्षी पीएसपीवर 'पोर्टेबल थर्ड' आला आणि परत ४० लाखांच्या पलीकडे.

'छोटी घरं' हे कारण देणाऱ्यांनो, तुम्ही ट्रेनवाल्यांपेक्षा बरे आहात, पण अर्धंच बरोबर. लहान घरात टीव्ही मावतो हो! भांडण जागेचं नसतं, रिमोटचं असतं. संध्याकाळी दिवाणखान्यात आजोबांची बेसबॉल मॅच किंवा बातम्या लागलेल्या. पोरगा हिवाळ्यात त्याच खोलीत कोतात्सूमध्ये पाय घालून, म्हणजे ते खाली हिटर असलेलं बुटकं टेबल, त्यात शिरून आपला गेम खेळतोय. सगळे एकत्र, आणि कोणाचं कोणाला अडत नाही. हातातला गेम सर्वात जास्त कुठे खेळला जातो विचाराल, तर माझ्या डोळ्यांसमोर ट्रेनच्या आधी हे टेबल येतं.

जे एकटे राहतात त्यांच्याकडे तर बऱ्याचदा टीव्हीच नसतो. आणि यात एक गंमत आहे, एनएचके. घरात टीव्ही असला की कायद्याने या सार्वजनिक प्रसारण संस्थेशी करार करून फी भरायची. मी इथे नवीन असताना त्यांचा माणूस दारात आला, माझं जपानी तेव्हा 'अरिगातो'च्या पुढे गेलेलं नव्हतं, मी आपली मान हलवत गेले आणि सही करून बसले. तेव्हापासून माझ्याइतका टीव्ही-द्वेष्टा तोक्योत नसेल. हातातल्या गेमला टीव्ही लागतच नाही, म्हणून त्याच्यासाठी ही भानगड नाही. एवढ्यासाठीच लोक स्विच घेतात असं मी म्हणत नाही हां, उद्या कमेंटमध्ये 'ताई म्हणाल्या' करून छापू नका.

एक बाजू राहिली, ती बहुतेक व्हिडिओंत सुटते. आज्या. २००५ च्या मेमध्ये डीएसवर मेंदूच्या व्यायामाचा गेम आला. तोहोकू विद्यापीठातले प्राध्यापक र्‍यूता कावाशिमा, त्यांचं डोकं पडद्यावर तरंगत असतं. तुम्ही पेनने बेरजा-वजाबाक्या लिहायच्या, शब्द मोठ्याने वाचायचे, आणि शेवटी ते सांगतात तुमच्या मेंदूचं वय काय. डीएस पुस्तकासारखं आडवं धरायचं. बटणांचं कडबोळं नाही, म्हणून ज्या माणसांनी आयुष्यात गेम खेळला नव्हता त्यांनीही घेतलं. आता विचार करा, आजी नातवाचं मशीन मागून घेईल? नातू देईल? आजीचं वेगळं डीएस. पुढच्या वर्षी डीएस लाइट आलं तेव्हा दुकानांत माल टिकत नव्हता. घरात तिसरं मशीन शिरलं ते असं. टीव्हीवरचा गेम आजीने सगळ्यांसमोर खेळला असता का? मेंदूचं वय ८० आलेलं सुनेला दिसलं असतं ना!

मोबाईलवाल्यांनो, तुमचाही राग ऐकून घेतलाय. 'आता सगळं फोनवर आहे, मग स्विच कशाला?' फोनवरचे गेम जपानमध्ये खूप चालतात, पैसाही प्रचंड आहे. पण प्राथमिक शाळेतल्या पोराच्या हातात आई-बाप गेम खेळायला स्मार्टफोन द्यायला बिचकतात, आणि त्याला कारण आहे. गाचा. पैसे टाका, नशिबात असेल ते पात्र निघेल. 'कॉम्प्लीट गाचा' नावाचा त्याचा एक प्रकार तर २०१२ मध्ये ग्राहक खात्याने बेकायदा ठरवला. मशीनमध्ये घालायच्या गेमच्या कार्ट्रिजचं कसं, एकदा पैसे दिले, संपलं. पोराचा खेळून झाला की सेकंडहँड दुकानात विकून दुसरा. आयांच्या ग्रुपवर यावर जेवढी चर्चा होते तेवढी अभ्यासावर होत नाही. पोरांना नवीन वर्षाला नातेवाइकांकडून पाकिटातून पैसे मिळतात, ते कुठे जातात हे सांगायला नको.

आणि हे सगळं कंपनीला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. २०१९ मध्ये स्विच लाइट काढला, तो टीव्हीला जोडताच येत नाही! लोक हसले. अहो, घरात एक मोठा स्विच आहेच, हा धाकटीसाठी आहे. स्विच जपानमध्ये साडेतीन कोटींच्या पुढे गेला तो असा, मोठ्यानंतर धाकटीचा. स्विच २ च्या पहिल्या सोडतीला एकट्या जपानमधून कंपनीच्या वेबसाइटवर २२ लाख लोकांनी नाव घातलं, तेही आधीच्या स्विचवर ५० तास खेळल्याची अट असताना.

आता ज्यांनी 'येताना एक घेऊन ये गं' असा मेसेज टाकलाय, त्यांच्यासाठी. इथे स्विच २ दोन प्रकारचा मिळतो. स्वस्तातला २०२५ मध्ये आला तेव्हा ४९,९८० येनचा होता, येन पडलेला असताना कंपनीने मुद्दाम इथल्या घरांसाठी कमी ठेवलेला. प्लेस्टेशन ५ ची किंमत तेव्हा इथे ७९,९८० येनपर्यंत चढली होती, त्यावरून अंदाज करा. पण स्वस्तातल्या स्विच २ मध्ये सिस्टीमची भाषा फक्त जपानी, आणि अकाउंटचा देश जपान असेल तरच तो जोडता येतो. तुमचं भारतातलं किंवा अमेरिकेतलं अकाउंट चालणार नाही. सगळ्या भाषांचा हवा असेल तर तो वेगळा, आला तेव्हा ६९,९८० येनचा होता. तेव्हा 'तिकडे स्वस्त आहे ना' म्हणून स्वस्तातल्याचे पैसे पाठवू नका. वरचे अजून टाका, नाहीतर जपानी शिका. क्लासची लिंक खाली आहे, पण ती माझी नाही, मैत्रिणीची आहे, आणि ती उशिरा आलेल्यांना ओरडते.