आधी कारण, मग पाना : टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सची घरगुती जुळणी

मित्रहो, जुन्या अमेरिकी गाड्यांचा नाद असलेली माणसे इंजिन निःशंकपणे उघडतात, ब्रेक स्वतः बसवतात, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपाशी आली की त्यांचा हात आखडतो. ही भीती अनाठायी आहे, असे मी अनुभवाने सांगू शकतो. शांतपणे मोजमाप घेणाऱ्या माणसाला हे काम घरच्या गॅरेजमध्ये निश्चित जमते. मात्र गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी तो का बिघडला याचे उत्तर आपल्या हाती असले पाहिजे, आणि आजचे माझे बोलणे मुख्यतः त्याच एका आग्रहासाठी आहे.

मी उदाहरण घेणार आहे ते क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट ७२७ चे. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्यातील प्रीमियर कारखान्याने क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी केली, त्यामुळे ही नावे आपल्या आधीच्या पिढ्यांना परिचित होती. हा गिअरबॉक्स मात्र तेथे फारसा कोणी पाहिलेला नाही. ॲल्युमिनियमच्या कवचातला हा तीन गतींचा गिअरबॉक्स १९६२ च्या मॉडेलांपासून क्रायस्लरच्या मोठ्या इंजिनांमागे बसू लागला. १९६४ पर्यंतच्या मोटारींत तो डॅशबोर्डवरच्या बटणांनी चालवला जाई. हॉवर्ड सिम्पसन या अभियंत्याने आखलेली, एकच सूर्यचक्र (मधले दातेरी चाक) सामायिक असलेल्या दोन ग्रहचक्र-संचांची (मधल्या चाकाभोवती छोटी चाके फिरणाऱ्या गिअर-संचांची) रचना त्यात वापरली आहे, आणि तिच्या साधेपणाबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

हा साधेपणा नीट पाहा, कारण निदान त्यावरच उभे आहे. आत दोन क्लच (तेलाच्या दाबाने एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटांचे संच), ड्रमभोवती आवळले जाणारे दोन पट्टे आणि एकाच दिशेने फिरू देणारा एक रोलर क्लच, एवढीच पाच पकडणारी साधने आहेत. पुढे जाणाऱ्या प्रत्येक गिअरमध्ये मागचा क्लच पकडलेला असतो. ‘ड्राइव्ह’मधील पहिल्या गिअरमध्ये त्याला रोलर क्लचची साथ मिळते आणि २.४५ चे गुणोत्तर मिळते. दुसऱ्यात पुढचा पट्टा आवळला जातो आणि गुणोत्तर १.४५ होते, तिसऱ्यात पट्टा सुटतो, पुढचा क्लच पकडतो आणि सारा संच एकसंध फिरू लागतो. रिव्हर्समध्ये पुढचा क्लच आणि मागचा पट्टा काम करतात. आता गाडी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये व्यवस्थित ओढते, पण तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये घसरते असे दिसले, तर त्या दोहोंत सामायिक असलेला पुढचा क्लच दोषी आहे, हे एकही बोल्ट न काढता कळते. ‘ड्राइव्ह’मध्ये निघताना गाडी घसरते, पण निवडक (गिअर निवडण्याचा दांडा) ‘१’ वर ठेवताच नीट निघते, तर संशय रोलर क्लचवर जातो, कारण ‘१’ वर मागचा पट्टा त्याचा भार उचलतो. असा रोलर क्लच असलेली गाडी जोराने पळवून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा; तो सुटला तर पुढचा ड्रम इंजिनाच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरून फुटू शकतो, आणि त्याचे तुकडे कवचाबाहेर येऊ शकतात.

माझ्या एका मित्राच्या १९६६ च्या प्लिमथ फ्युरीची कथा येथे सांगण्याजोगी आहे. तिसरा गिअर आणि रिव्हर्स घसरत होते, तळाच्या ट्रेमधले तेल काळपट झाले होते आणि त्याला जळका वास येत होता. त्या आधीच एका वर्कशॉपने नव्या क्लच प्लेटा बसवून दिल्या होत्या आणि त्या अल्पावधीत जळल्या होत्या. आम्ही गाडी स्टँडवर घेतली, चाके मोकळी ठेवली, कवचाच्या बाजूच्या छिद्रात दाबमापक जोडला आणि निवडक ‘१’ वर ठेवून इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर चालवले. गिअरबॉक्सवरची थ्रॉटलची दांडी पुढे असताना दाब चौरस इंचाला ५४ ते ६० पौंडांच्या दरम्यान असावा लागतो, आणि ती हाताने मागे सरकवत नेली की तो ९० ते ९६ पर्यंत चढावा लागतो. तो तसाच चढला. म्हणजे पंप निर्दोष होता. दोष होता तो त्या दांडीला कार्ब्युरेटरशी जोडणाऱ्या सळईत. गाडीला कधीतरी दुसरा कार्ब्युरेटर बसवला गेला होता आणि ती सळई जोडलीच गेली नव्हती. चालकाने ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गिअरबॉक्सला त्याची खबरच मिळत नसे, तेलाचा दाब तळाशीच राही, आणि इंजिनाची सारी ताकद त्या अपुऱ्या दाबाने धरलेल्या प्लेटांवर पडे. पुन्हा नुसत्या प्लेटा बदलल्या असत्या, तरी त्याही जळाल्याच असत्या.

कारण सापडल्यावर उघडण्याचे काम श्रमाचे खरे, पण सरळ आहे. या ट्रेला तेल सोडण्याचा बोल्ट नसतो, म्हणून एक कोपरा आधी सैल करून तेल उतरवावे. टॉर्क कन्व्हर्टरसह, म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल डब्यासह, हे धूड सत्तर किलोंच्या घरात जाते, तेव्हा गिअरबॉक्ससाठीचा जॅक भाड्याने का होईना, घ्यावाच. जुन्या प्लेटांच्या आणि पट्ट्यांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्यांची धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओलीच पुसावी.

व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेल कोणत्या क्लचकडे किंवा पट्ट्याकडे जायचे ते ठरवणारा व्हॉल्व्हांचा ठोकळा, हा या यंत्राचा विचार करणारा भाग आहे आणि येथे मी सर्वाधिक वेळ देतो. प्रत्येक पोलादी गोळी आणि स्प्रिंग काढण्यापूर्वी तिचा फोटो घ्यावा. छिद्रे आणि व्हॉल्व्ह धुऊन पूर्ण कोरडे केले, की व्हॉल्व्ह केवळ स्वतःच्या वजनाने छिद्रात खाली सरकला पाहिजे. बोटाने ढकलावा लागत असेल, तर तो गाडीतही अडकणार हे नक्की. व्हॉल्व्हच्या कडा मुद्दाम तीक्ष्ण ठेवलेल्या असतात, त्या घासून गोल केल्या की तेलातली घाण त्यांच्या फटीत जाऊन बसते. पुसायला सूत सुटणारे फडके वापरू नये.

नव्या प्लेटा तेलात भिजवून मगच बसवाव्यात. प्लेटा दाबणाऱ्या पिस्टनच्या रबरी सीलची ओठासारखी कड आत जाताना दुमडता कामा नये, म्हणून ती पातळ फीलर गेजने (फट मोजण्याच्या पोलादी पट्टीने) हलकेच गोलाकार आत घालत न्यावी; दुमडलेली कड दाब गळू देते आणि पुन्हा जळण्याची सुरुवात तेथूनच होते. जुळणीत सुटे भाग जागेवर चिकटवण्यासाठी ग्रीस वापरू नये, कारण ते तेलात विरघळत नाही, व्हॅसलीन विरघळते. मागच्या क्लचची फट ०.०२५ ते ०.०४५ इंच भरली पाहिजे. पुढे व्हॉल्व्ह बॉडी बसवण्याआधी क्लचच्या तेलमार्गांत सुमारे ३० पौंडांची हवा सोडावी. क्लच पकडताना आतून ‘धप्प’ असा बोथट आवाज येतो, आणि बोटांखाली कवचातून तो जाणवतोही. नुसता फुसफुसाट ऐकू आला, तर ज्या सीलवर आपला भरवसा होता तेच गळते आहे. गाडीत बसवल्यानंतर कळण्यापेक्षा हे बाकावर कळलेले केव्हाही बरे.

पट्ट्यांचा बोल्ट ७२ इंच-पौंडांपर्यंत आवळून, नंतर इंजिनानुसार पुस्तिकेत दिलेले, साधारण दोन ते अडीच फेरे मागे घ्यावा. टॉर्क कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला असल्यामुळे घरी उघडता येत नाही. तो दुरुस्त करून आणावा किंवा बदलावा. रेडिएटरमधला तेल थंड करणारा मार्ग न धुता गाडी सुरू केली, तर जुन्या जळक्या अस्तराचा गाळ पहिल्याच दिवशी नव्या भागांत येतो. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, त्याभोवतीच्या दातेरी नळीवर (स्टेटरच्या आधारावर) आणि पंपाच्या दात्यांवर असा तीन ठिकाणी बसतो, आणि प्रत्येक वेळी किंचित आत सरकल्याचे हाताला कळते. तो पूर्ण आत गेलेला नसताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाकडे ओढला, तर पंप फुटतो.

तेल भरताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की या काळातल्या टॉर्कफ्लाइटमध्ये ‘पार्क’वर कन्व्हर्टरला तेल जात नाही. म्हणून पातळी नेहमी तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये तपासावी. फ्युरीची सळई आम्ही अशी बेतून बसवली, की कार्ब्युरेटर पूर्ण उघडताच थ्रॉटलची दांडीही शेवटच्या टोकाला टेकेल. आता तिसरा गिअर ॲक्सिलरेटरच्या दाबाप्रमाणे लवकर किंवा उशिरा पडतो. काहीशे मैलांनंतर ट्रे उतरवून पाहिला, तेव्हा तळाशी अगदी पातळ करडा थर होता, आणि नव्या प्लेटा जुळून येताना तेवढा पडणे स्वाभाविकच आहे.