टोक सारखं, केबल वेगळी

माझ्या हातात या दोन एचडीएमआय केबल आहेत, म्हणजे टीव्ही-मॉनिटरला चित्र आणि आवाज पोचवणाऱ्या. टोकं सारखी, पिना दोन्हींत 19. नुसतं बघून मलाही फरक सांगता येत नाही. पण एकीवरून 4के चित्र व्यवस्थित येतं आणि दुसरीवर तेच चित्र मधूनच दोन-तीन सेकंद गायब होतं. दोष केबलचा आहे हे कळायला मला आठवडा लागला. तोवर मी मॉनिटरच्या मागे लागलो होतो.

असं का होतं? हिशेब मांडून पाहू. 4के म्हणजे आडवे 3840 आणि उभे 2160 बिंदू, एकूण सुमारे 83 लाख. प्रत्येक बिंदूला 24 बिट (0 किंवा 1), आणि अशा फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्रं, सेकंदाला 60. गुणाकार जातो 12 गिगाबिटच्या, म्हणजे 12 अब्ज बिटांच्या घरात. त्यात दोन फ्रेममधला रिकामा वेळ धरा, शिवाय दर 8 बिटांचे 10 करून पाठवायची पद्धत धरा. प्रत्यक्ष तारांतून सेकंदाला 17.8 गिगाबिट धावतात. 2013 च्या एचडीएमआय 2.0 ची मर्यादा आहे 18. म्हणजे जेमतेम मावलं! साधी ‘हाय स्पीड’ केबल 10.2 गिगाबिटपर्यंतच्या वेगासाठी. आखूड असेल तर ती पुढचंही निभावून नेते, लांब असेल तर भरवसा नाही.

1987 च्या व्हीजीए या जुन्या मॉनिटर-जोडणीचा सिग्नल अ‍ॅनालॉग होता, म्हणजे बिट नाहीत, सतत कमी-जास्त होणारा विद्युतदाब. केबल लांबली की अक्षरांना सावल्या पडायच्या, त्यामुळे ‘केबल भारी तर चित्र भारी’ हे तेव्हा खरंच होतं. डिजिटलमध्ये बिट ओळखता आले की चित्र हुबेहूब उमटतं; चुकू लागले की पडद्यावर ठिपके चमकतात, पुढे अंधार. सोन्याच्या मुलाम्याने टोक गंजत नाही, रंग मात्र त्याने खुलत नाहीत. त्यासाठी जादा पैसे मोजणाऱ्यांचं मला वाईट वाटतं.

मॉनिटर जोडायचं आणखी एक टोक, डीव्हीआय, 1999 चं. एचडीएमआयने चित्र पाठवायची पद्धत त्याच्याकडूनच घेतली, म्हणून साध्या अडॅप्टरने दोन्ही जुळतात.

डिस्प्लेपोर्ट हा मॉनिटर-जोडणीचा प्रकार मला मनापासून आवडतो. एक कोपरा छाटलेलं टोक, 20 पिना, आणि बऱ्याच केबलना खटका असतो. तो दाबल्याशिवाय केबल निघत नाही. आत माहिती पाकिटं करून जाते. त्यामुळे एका पोर्टवरून दोन मॉनिटर ओळीने जोडता येतात, अर्थात मॉनिटरमध्ये ती सोय हवी. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि टीव्हीला एचडीएमआय असेल तर बहुतेक वेळा स्वस्त अडॅप्टर पुरतो. उलट दिशेला तो चालत नाही; तिथे सिग्नल खरोखर बदलणारा कन्व्हर्टर लागतो.

यूएसबी-सीत तर टोकावर अजिबात विसंबू नका. 24 पिनांच्या त्याच टोकामागे नुसती चार्जिंगची केबल असू शकते किंवा डिस्प्लेपोर्टचं चित्र नेणारी. शिवाय लॅपटॉपच्या पोर्टमधूनही चित्र बाहेर पडायला हवं. म्हणून आधी पोर्टची माहिती वाचा, मग केबलची. एचडीएमआय घेताना 2.0, 2.1 हे आकडे शोधू नका, ते उपकरणांचे. केबलच्या वेष्टनावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असेल तर 18 गिगाबिट, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असेल तर 48.