फारच शांत बाळ

"किती गुणी बाळ आहे, रडणं नाही की जागरण नाही," असं घरात कौतुक चाललेलं असतं आणि माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाला ते ऐकून धास्ती वाटते. दूध पिता पिता झोपणारं, घोगरं रडणारं, कावीळ आठवडेच्या आठवडे रेंगाळलेलं बाळ दिसलं, की माझ्या मनात आधी थायरॉइड (गळ्यातली हार्मोन बनवणारी ग्रंथी) येतो.

पण मंडळी, जन्मजात थायरॉइडची कमतरता असलेली बहुतेक बाळं सुरुवातीला धडधाकटच दिसतात. पोटात असताना आईचं थोडं हार्मोन वारेतून मिळत असतं. नाळ कापली की ती रसद बंद. बाळाची स्वतःची ग्रंथी मात्र तयारच झालेली नसते, किंवा जिभेच्या मुळाशी भलत्याच जागी अडकलेली असते. काहींची ग्रंथी जागेवर असते, पण तिला हार्मोन बनवता येत नाही.

साधारण २,००० ते ४,००० बाळांमागे एकाला हे होतं. पूर्वी निदान व्हायला महिने जात. तोवर या हार्मोनअभावी मेंदूचं जे नुकसान व्हायचं, ते नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी भरून यायचं नाही. १९७०च्या दशकात कॅनडातल्या क्यूबेकमध्ये डॉक्टर ज्याँ द्यूसो यांनी कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून ही तपासणी करून दाखवली आणि चित्र पालटलं. टाचेतलं हे रक्त शक्यतो ४८ ते ७२ तासांनी घ्यावं. जन्मानंतर लगेच सगळ्याच बाळांचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, कमतरतेत ते वाढतं) उसळतो, त्यामुळे घाई केली तर उगाच घबराट होते.

उपचार म्हणजे लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, गोळी, सुरुवातीला वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली आणि डोस नीट जमला, तर ही मुलं चारचौघांसारखी वाढतात, शिकतात. ग्रंथी मुळातच नसलेल्या काहींना पुढे लक्ष देणं, लक्षात ठेवणं थोडं जड जातं. त्यांच्या कानांचीही तपासणी करून घ्यावी.

गोळी चमचाभर दुधात कुस्करून द्या, बाटलीभर दुधात नको. बाळाने निम्मी बाटली टाकली, तर औषध किती गेलं हे कोण सांगणार? लोह आणि कॅल्शियमची औषधं काही तासांच्या अंतरानेच द्या. पहिली तीन वर्षं रक्ततपासणी चुकवू नका. डोस जास्त झाला तरी अपाय होतो.

"आयुष्यभर गोळी?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. काहींची कमतरता तात्पुरती असते. तशी शंका असेल, तर तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टर गोळी थांबवून पाहतात. घरच्या घरी हा प्रयोग नको! बाकीच्यांना मात्र ती कायम लागते, आणि मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की डोस बहुधा वाढवावा लागतो. कारण पहिले काही महिने तिच्या पोटातलं बाळही तिच्याच हार्मोनवर असतं.