पाप्याची खारट चव

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय सिस्टिक फायब्रोसिस या जन्मापासूनच्या आजाराबद्दल, पण सुरुवात करते रामबागेतल्या एका आजींपासून.

मे महिना. आजी आणि सूनबाई सात महिन्यांच्या बाळाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोर मलूल, डोळे खोल गेलेले. जुलाब नाहीत, उलटी नाही, तरी अंगातलं पाणी आटलेलं. न्यूमोनिया दोनदा होऊन गेलेला. दूध भरपूर प्यायचा, पण वजन काही वाढेना. सून सांगत होती, मी जुने कागद चाळत होते. तेवढ्यात आजी हळूच म्हणाल्या, "डॉक्टरबाई, एक सांगू? ह्याचा पापा घेतला ना, की ओठ खारट होतात. लोणच्याचा खार लागावा तसे." सुनेने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. मी मात्र कागद बाजूला ठेवले. बाळाच्या कपाळावर, केसांच्या कडेला, घाम वाळून मिठाची बारीक पांढरी रेघ उमटली होती.

घामाची तपासणी करवली. क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, लिटरला ६० मिलिमोलच्या वर. निदान पक्कं झालं.

न्यूयॉर्कमध्ये उन्हाच्या लाटेत अशीच मुलं कोसळली होती. त्यावरूनच डॉ. दी सान्त-आन्येझे यांनी १९५३ मध्ये घामातलं हे जास्तीचं मीठ दाखवून दिलं. म्हणून सांगते: पापा खारट लागतो, वजन वाढत नाही, खोकला हटत नाही, तर डॉक्टरांना तिन्ही गोष्टी सांगा. खारट चवसुद्धा सांगा.

दोष असतो सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात. तो १९८९ मध्ये सापडला. पेशीला मीठ आत-बाहेर करायचं एक दार असतं, ते नीट बनतच नाही. मग फुप्फुसातला कफ चिकट होतो. २०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांची एकत्र गोळी मंजूर झाली. त्यातली दोन औषधं ते दार जागेवर नेतात, तिसरं ते उघडं ठेवतं. कितीतरी मुलांची फुप्फुसं त्यामुळे सुधारली. पण मंजुरीच्या वेळी तिथे वर्षाचा खर्च सुमारे ३ लाख डॉलर होता, आणि काही दोषांवर ती चालतच नाही. असे दोष असलेल्यांसाठी दुरुस्त संदेश (ते दार कसं बनवायचं याची पेशीला सूचना) फुप्फुसात फवारून पोचवायचे, जनुकच दुरुस्त करायचं, असे प्रयत्न सुरू आहेत.

आपल्या रामबागेतल्या बाळाच्या जनुकाचा नमुना तपासायला गेलाय. एफ-५०८ हा दोष निघाला, तर थोडा मोठा झाल्यावर ती गोळी लागू पडू शकेल. आजी रोज विचारतात, "आला का कागद?"